भास्कररावांची हरवलेली प्रार्थना

चार माणसं नेमानं एकत्र जमू लागली की किस्से आपोआप साठतात. आणि ती चार माणसं जर सुधारण्यासाठी जमत असतील, तर विचारूच नका! आमच्या अमरावतीच्या मिशन कंपाउंडातल्या सोमवारच्या बैठकीचे किस्से मी इतकी वर्षं सांगतेय, की आता मी तोंड उघडलं की माझ्या सुना विचारतात, "आज भगरीचा की नारळाचा?" पण खरं सांगू? आम्ही तेव्हा नेमकं काय करत होतो, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही.

नागपूरला गोऱ्या साहेबाचं सरकार होतं आणि आपला वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून दिलेला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी कंपाउंडातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमचे पाळक होते भास्करराव. मोठा गोड माणूस. त्यांची बायको सारूबाई दिवाळीनंतर तापानं गेली. त्यानंतरही भास्करराव दर रविवारी उपासना चालवत, उपदेश करत, लग्नं लावत. आम्हाला वाटलं, सावरले.

एका सोमवारी त्यांनी आम्हा चौघांना, म्हणजे मार्थाबाई, वामनराव वकील, गुलाबराव माळी आणि मला, घरी बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं, "माझी प्रार्थना गेली. चर्चमध्ये पाठ असलेलं म्हणतो, ते निघतं. घरी गुडघे टेकतो, डोळे मिटतो, आणि पुढे काहीच नाही."

पाळकाची प्रार्थना गेली म्हणजे काय, हेच आम्हाला उमजेना. ते म्हणाले, "ईस्टरपर्यंत वाट पाहतो. नाही आली, तर ईस्टरच्या दिवशी चर्चच्या मंडळीपुढे सांगून काम सोडतो. खोट्या तोंडानं उभं राहणं मला जमायचं नाही. तोवर तुम्ही माझ्याबरोबर साधना करा. उपास, एकांत, मौन, जे जे सांगितलंय ते सगळं. कशानं तरी येईल."

मला रडू फुटलं. आमचं लग्न त्यांनी लावलेलं, माझ्या लेकराला त्यांनी पाण्यानं बाप्तिस्मा दिलेला. हा माणूस ट्रंक उचलून निघून गेला तर कंपाउंडात उरणार काय?

* * *

पहिला उपास. बुधवार ठरला. सोय मार्थाबाईंकडे. या आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघराच्या मुख्य. अचलपूरकडच्या, आवाज खणखणीत आणि जन्मभर घरात एकादश्या पाहिलेल्या. ख्रिस्ती झाल्या तरी उपास म्हटल्यावर त्यांच्या हाताला जे ठाऊक होतं तेच हातानं केलं! भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या तुपातल्या फोडी, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे लाडू. आम्ही ओळीनं पाटावर बसलो, भास्कररावांनी आशीर्वाद मागितला, आणि तेवढ्यात शाळेच्या गोऱ्या मिससाहेब काही विचारायला आल्या.

त्यांनी पानं पाहिली. "आज कोणाचा वाढदिवस आहे?"

"नाही हो मिससाहेब, आज उपास आहे," मी म्हणाले.

त्या बराच वेळ शिऱ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी मनापासून विचारलं, "मग उपास नसतो तेव्हा तुम्ही काय खाता?"

"चटणी-भाकर!" मार्थाबाई म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी मिससाहेबांच्या पद्धतीनं कडक उपास केला. पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी भास्करराव ओट्यावर टेकून बसले होते. मी हळूच विचारलं, "काही झालं का?"

"झालं ना," ते म्हणाले. "दिवसभर भगरीचं ध्यान झालं. देवाची एकदाही आठवण आली नाही!"

* * *

मग एकांत. प्रत्येकानं रोज एक वेळ खोलीत जाऊन, दार लावून, एकट्यानं देवापुढे बसायचं. ऐकायला सोपं आहे. पण कंपाउंडातल्या घरांना खोली एक, आणि दाराला बहुधा गोणपाटाचा पडदा! वामनराव वकील तेवढे तीन खोल्यांत राहत, पण त्यांच्या घरी माणसं नऊ.

मार्थाबाईंनी बरोबर जागा शोधली. बोर्डिंगची धान्याची कोठी. जाड दार, आतून कडी. पहिल्याच दिवशी त्या जेवणाच्या वेळेला आत गेल्या आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. इकडे सगळ्या मुली ताटल्या घेऊन दाराशी उभ्या.

"मार्थाबाई, भूक लागली!"

आत शांतता.

"मार्थाबाई, पीठ द्या ना! चूल पेटलीय!"

आतून आवाज आला, "मी इथं नाई!"

मुली घाबरून माझ्याकडे पळत आल्या. मी जाऊन दार ठोठावलं. "मार्थाबाई, अहो, तुमचाच आवाज येतोय."

"मास्तरीणबाई, मी एकांतात आहे, म्हून इथं नाई! तुमाले समजत कावून नाई?"

शेवटी बाहेर आल्या त्या रडवेल्या होऊन. सोमवारी त्यांनी भास्कररावांना विचारलं, "पोट्ट्यायले उपाशी ठेवून देवापाशी बसाव, का देवाले बसवून पोट्ट्यायले वाढाव? एक कायतरी सांगा बाप्पा!"

भास्कररावांनी हात जोडले. मग म्हणाले, "मला माहीत असतं तर मी ही बैठक कशाला भरवली असती?"

* * *

मौनाचा किस्सा गुलाबरावांचा. गुलाबराव मूळचे वरूडकडचे माळी, कंपाउंडामागे त्यांचा भाजीचा मळा. आमच्यातले सगळ्यात नवे ख्रिस्ती, त्यामुळे सगळ्यात काटेकोर. शुक्रवारी दुपारपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं आणि नेमका शुक्रवारीच बाजार. बाकी कोणी असता तर सवलत मागितली असती. गुलाबराव वांग्यांची टोपली मांडून तोंड मिटून बसले.

"वांगे कसे दिले?" गुलाबराव गप्प. बोटं दाखवली.

"एवढे महाग काहून?" गुलाबराव गप्प. डोळे मिटले.

बाजारात बातमी पसरली, गुलाबराव माळ्यानं मौन धरलंय. अर्ध्या तासात टोपलीपुढे हळद-कुंकू आलं. एका म्हातारीनं नारळ ठेवला, पायांवर डोकं ठेवलं आणि विचारलं, "बाबा, माह्या लेकीले औंदा पोरगं व्हईन का?"

मी बाबा नाही, हे सांगायला गुलाबरावांनी मान जोरात हलवली. म्हातारी तिथंच ऊर बडवून रडायला लागली. गुलाबराव घाबरले. आता काय करावं? त्यांनी घाईघाईनं मान वरखाली हलवली. म्हातारी डोळे पुसत, आशीर्वाद देत निघून गेली!

सोमवारी ते नारळ हातात घेऊन बैठकीला आले. "पाळकसाहेब, मी तोंड उघडलं नाई, तरी खोटं बोललो. हे कसं काय झालं?"

वामनराव वकिलांनी मानेची हालचाल साक्ष धरावी की नाही यावर बराच खल केला. नारळाचं काय करायचं हे कोणालाच ठरवता येईना. शेवटी मार्थाबाईंनी त्याची चटणी केली. पुढे त्या म्हातारीच्या लेकीला मुलगी झाली, आणि म्हातारीनं गुलाबरावांकडची वांगी घेणं बंद केलं.

* * *

दरम्यान वामनरावांना एक कल्पना सुचली. ते मूळचे अकोल्याचे. तिथे एक निवृत्त पाळक राहत होते, फार म्हातारे. त्यांच्या प्रार्थनेची कीर्ती साऱ्या वऱ्हाडात. "तज्ज्ञाचा सल्ला घेऊ," वकील म्हणाले आणि भास्कररावांना घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसले.

म्हाताऱ्यांनी दोघांना जेवू घातलं, संत्री सोलून दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग खुशीत विचारलं, "गेली म्हंता? कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापासून," भास्करराव म्हणाले.

"हात्तीच्या! माही तं कितीक वर्षांपासून गेली. तुमची सापडली तं मले बी सांगजा!"

असं म्हणून ते खळखळून हसले आणि अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला उठले. ख्रिस्ती म्हाताऱ्याच्या अंगणात तुळस कशाला, हाही वकिलांना वेगळाच धक्का! परतीच्या गाडीत वामनराव मूर्तिजापूर येईपर्यंत त्या तुळशीचाच खल करत होते. भास्करराव मात्र सारखे म्हणत होते, "माणूस किती आनंदात होता हो! असं कसं?"

* * *

पापांगीकाराचं तर बोलायलाच नको. एकमेकांपुढे आपली चूक मोकळेपणानं कबूल करायची, असं ठरलं. सुरुवात मार्थाबाईंनी केली.

"माह्या मनात राग आहे. कोणाचा? वकीलसाहेबांचा. कावून? ते जेवायले बसले की मीठ कमी म्हंतेत. घरी बायकोले बोलतेत. उपदेश चालू असला की घोरतेत. परवा तं..."

"थांबा!" वामनराव उठून उभे राहिले. "साक्षीदारानं स्वतःपुरतं बोलावं. ही तुमची पापं आहेत की माझी?"

"तुमचीच. पण त्याच्यानं मले राग येते, म्हून माही बी!"

वकिलांनी तिथल्या तिथे उलटतपासणी सुरू केली. घोरताना कोणी पाहिलं, कोणत्या रविवारी, बाई कुठे बसल्या होत्या! गुलाबराव दोघांच्या मधे हात जोडून उभे. आणि भास्करराव हसायला लागले. सारूबाई गेल्यावर पहिल्यांदाच पोट धरून हसले. हसता हसता वळून म्हणाले, "सारू, ऐकलंस का गं?"

तिथे भिंत होती, आणि भिंतीला सारूबाईंचं जुनं लुगडं वाळत घातलेलं तसंच होतं. ते उठून बाहेर गेले. आम्ही आपापल्या घरी आलो. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

* * *

आणि ईस्टर तोंडावर आला. एकाही साधनेचा उपयोग झाला नव्हता. शनिवारी सकाळी गुलाबराव सांगत आले की पाळकसाहेबांनी पुस्तकं ट्रंकेत भरली, उद्या ते मंडळीला सांगणार. आम्ही ठरवलं, चौघांनी जायचं आणि हातापाया पडून थांबवायचं. पाळकाची प्रार्थना नसली तरी चालेल, पाळक हवा, असं वकिलांनी मुद्देसूद तयार केलं होतं.

भर दुपारी त्यांच्या दाराशी पोचलो, तर आत आरडाओरडा!

आवाज भास्कररावांचा. पण आमचे भास्करराव चर्चमध्ये पुण्याच्या पुस्तकातलं बोलत. हा तर दर्यापूरकडच्या त्यांच्या गावचा माणूस कडाडत होता.

"पाहून घे! ही पाचवी भाकर, हे बी जळली! तुले मालूम होतं ना मले भाकर येत नाई? मंग काहून नेली तिले? मले विचारलं होतं का? सांगून तं नेतं! आन् वरून म्हंतं लोकायले शांती दे. कोठून देऊ? माह्यापाशी हाय का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "कोणाशी भांडून राहिले?" मार्थाबाई कुजबुजल्या.

गुलाबरावांनी पडद्याच्या फटीतून डोकावलं. "आत कोणीच नाई. तवा आन् पाळकसाहेब."

"मग ही प्रार्थना आहे," वकील म्हणाले.

"अशी राहते का प्रार्थना? देवाले अरे-तुरे करून राहिले!" गुलाबराव म्हणाले.

"मग भांडण समजून आत जायचं का?" वकिलांनी विचारलं.

इथेच सगळा घोटाळा झाला. आमच्या कंपाउंडात रीत अशी की घरात कोणी प्रार्थनेत असलं तर आमेन ऐकू आल्याशिवाय हाक मारायची नाही. भांडण असतं तर सोडवायला धावलो असतो. प्रार्थना असेल तर उभं राहणं भाग. कोणालाच ठरवता येईना, म्हणून चौघंही चैत्राच्या उन्हात उभे राहिलो.

आत चालूच होतं. छपराचं गळणं, मिससाहेबांचे नियम, सारूबाईंचा शेवटचा ताप, डॉक्टर उशिरा आला ते, आणि फिरून फिरून भाकर. मधेच आवाज फुटला आणि ते ढसाढसा रडले. मार्थाबाई पदर तोंडात कोंबून उभ्या. मग हळूहळू आवाज खाली आला, काहीतरी नुसतं पुटपुटणं ऐकू येऊ लागलं, आणि त्याच्या जोडीला भाकर थापल्याचा थपथप आवाज. आमेन काही येईना.

माझे पाय भाजत होते. वकिलांनी डोक्यावर रुमाल घेतला. शेवटी मार्थाबाईंना राहवेना. त्यांनी पडद्याला तोंड लावून आपल्या खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "आमेन!"

आतली थपथप थांबली.

"कोण हाय ते?" भास्करराव ओरडले. "थांबा बाहीर! माहं झालं नाई अजून!"