आक्काचं माप

ये गं, अशी जवळ बसल्यागत वाच. फोनवर "आत्या, बरी हायस का" एवढं विचारून ठेवून देतेस, मग मनातलं सांगायचं कुणाला? म्हणून लिहायला बसले.

शेळगावच्या आपल्या रानातला कांदा निघाला की दरसाल मेंढरं बसवतो. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत होतं. मोरगावकडची ती मेंढरावाली मला आक्का म्हणते. दिवसा तिची मेंढरं कॅनॉलच्या चारीला चरायची. तितल्या ओल्या गवतातनं चपटे जंत पोटात जातात नि कलेजी पोखरतात. मेंढरू वाळत जातं, गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबते. त्यावर औषध पाजतात.

मी शेळ्या पाळलेली बाई, मला लई कळतं ना! तिला म्हणलं, औषध गरम पडतं, गाभण मेंढ्यांना सोसायचं न्हाय, सगळ्यांनाच अर्धं पाज. तिनं ऐकलं. दरसाल तेच औषध नि तेच अर्धं. तिच्या जावांनीही तसंच धरलं. आक्काचं माप म्हणायच्या त्याला. मला बरं वाटायचं.

यंदा पिशव्या उतरेनात. घाबरून पूर्ण पाजलं तरी न्हाय. आपल्याच रानात तिची एक गाभण मेंढी गेली. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर बांधावर आले. म्हणाले, अर्ध्या औषधानं नाजूक जंत मरतात, चिवट तेवढे उरतात. आता सगळी पैदास चिवटांचीच, त्यांना हे औषध पाण्यासारखं. दुसरं औषध दिलं, वजन बघून पूर्ण पाजायला सांगितलं. मग विचारलं, "अर्धं पाजायला कुणी सांगितलं?"

मी चहाची किटली धरून तितंच उभी. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय.

"कुणी न्हाय, सायेब. आमचं आमीच."

आणि मी गुमान कप भरत राहिले, बघ.

परवा तिचा फोन आला. जावा अजून अर्धंच पाजत्यात, तिचं ऐकत न्हाईत. म्हणतात, आक्कानं सांगितलंय, आक्काच सांगंल तवा सोडू. ती मला 'मोरगावला या' म्हणाली न्हाय. तेवढंच सांगून तिनं फोन ठेवला.

एस्टीच्या थांब्यापर्यंत गेले नि माघारी फिरले. चार बायांत मी शहाणी, आता कुठल्या तोंडानं सांगू? पण मेंढरं त्यांची मरतायत, माझी न्हाईत. तू लवकर ये, पोरी. मोरगावला माझ्यासंगं चल. बोलायचं ते मीच बोलीन, तू नुसती शेजारी उभी रहा.