पूजेतला एकोणीस नंबरचा पाना

देवाशी माझं नातं कारखान्यातल्या मोठ्या साहेबाशी असावं तसं होतं. समोर आला की नमस्कार करायचा, पाठ वळली की आपल्या कामाला लागायचं. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात मी पस्तीस वर्षं फिटर होतो आणि माझी खरी श्रद्धा पाणसळीवर. बुडबुडा मधोमध आला की काम सरळ, नाही आला की वाकडं. यात देवाचा काय संबंध? हे मी घरात मोठ्याने बोलत असे आणि बायको, शैला, देवघरातून फक्त "हं" म्हणत असे. तिच्या त्या "हं"पुढे माझं काही चालत नसे.

निवृत्त होऊन बिबवेवाडीत राहायला आलो आणि दुसऱ्याच वर्षी शैलाची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी पोटातून करायचं डायलिसिस सुरू केलं. पोटाला बसवलेल्या नळीतून औषधी पाणी आत सोडायचं, काही तास ठेवायचं, मग ते काढून नवं भरायचं, असं दिवसातून चार वेळा. आमच्या घरात त्याला नुसतं 'पिशवी' म्हणतात. सकाळी सहाची पिशवी, दुपारी बाराची पिशवी. ती उंच हुकाला टांगावी लागते. पंखा बंद, दारं बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. एकदा एका लग्नात कार्यालयाच्या कोंदट खोलीत घाईघाईने पिशवी बदलली आणि पोटात जंतू गेले. बारा दिवस दवाखान्यात काढले. त्यानंतर शैलाने दवाखान्याशिवाय कुठे जायचं म्हणून चप्पल घातली नाही. लग्न नाही, बारसं नाही. दर नवरात्रात नवमीला आमच्या कुलदेवीची ओटी भरायला ती जायची, तेही बंद झालं. देवी भोरच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी एका लहानशा खेड्यात आहे. चार वर्षं शैलाने घरातल्या टाकापुढेच ओटी भरली आणि भरताना दरवेळी रडली. मला ते बघवत नसे. देवी इथेही आहे आणि तिथेही, असं एकदा समजावायला गेलो, तर म्हणाली, "मग तुम्ही कारखान्यात कशाला जात होतात? पगार तर बँकेतच यायचा."

तेव्हा मनात आलं, हिला स्वच्छ खोलीच हवी ना? मग खोलीच बरोबर न्यायची. गाडीमागे जोडून ओढायची, चाकांवरची खोली. ओळखीच्या एका वेल्डरच्या शेडमध्ये मी आठ महिने राबलो. जुन्या ट्रेलरचा सांगाडा घेतला, वर पत्र्याची पेटी बांधली, आत दोन बाक, हात धुवायचं बेसिन, पाण्याची टाकी, कोपऱ्यात पडद्याआड संडास. रस्त्यावर वारा लागू नये म्हणून छप्पर बुटकं ठेवलं. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवून ते दोन हात वर उचलायचं. वर उचलल्यावरच आत माणूस ताठ उभा राहतो आणि वर उचलल्यावरच पिशवीचा हुक हव्या त्या उंचीला जातो. ट्रेलर डुगडुगू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार पाय, तेही त्याच हँडलने खाली येणारे. एकच हँडल, टोकाला एकोणीस नंबरचा नट बसेल असं. माझ्या हुशारीचा मला फार अभिमान वाटला होता.

सोसायटीत गाडी आणून लावली आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींची पाटी लागली: "वाहनतळात घर उभे करू नये." मी त्याखाली खडूने लिहिलं, "घरात वाहनतळ कुठे आहे?" त्यावर महिनाभर आमचं बोलणं बंद होतं. पण रंगीत तालीम मी तिथेच केली. आधी चाकांना पाचरी, मग ट्रेलर गाडीपासून सोडवायचा, पाणसळ ठेवून सपाट करायचा, पाय खाली, शेवटी छप्पर वर. बाराची पिशवी आत बदलली, सगळं नीट झालं. मग शैलाने छोट्या शेगडीवर चहा केला, खिडकीचा पडदा सरकवला आणि समोरच्या स्कूटरींकडे बघत म्हणाली, "अहो, किती दिवसांनी बाहेर आल्यासारखं वाटतंय." बाई पार्किंगमध्येच सुट्टीवर गेली होती! मी तोंड धुवायच्या निमित्ताने बाहेर पडलो.

निघायचं ठरलं नवमीलाच. आता नवमी म्हणजे खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. कारखान्यात आम्ही यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालायचो. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. देव मानत नसलो तरी ही रीत मी पस्तीस वर्षं पाळली. आणि इथे एक कबुली द्यायला हवी. क्वार्टर्समध्ये असताना एका खंडेनवमीला शेजारचे देसाई धावत आले होते. त्यांच्या आईला दवाखान्यात न्यायचं होतं, स्कूटर चालू होत नव्हती, प्लगचा पाना हवा होता. मी म्हणालो, "आज हत्यार उचलत नाही, उद्या या." रीत हे निमित्त होतं. खरी गोष्ट अशी, की मी जेवून आडवा झालो होतो. देसाई स्कूटर ढकलत फाटकापर्यंत गेले, तिथे कुणीतरी मदत केली, आई वाचली. पण त्यांनी पुन्हा माझ्याकडे काही मागितलं नाही, आणि मीही ती गोष्ट कुणाला सांगितली नाही.

तर त्या सकाळी लवकर उठून मी ट्रेलरमधली हत्यारपेटी वर आणली. हँडल, पाने, पाचरी, पाणसळ, इतकंच काय, गाडीच्या डिकीतला जॅक आणि चाकाचा पानासुद्धा. रॉकेलने पुसून सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. शैलाने ओवाळलं. आणि पस्तीस वर्षांची सवय अशी, की त्यानंतर माझा हात त्या पाटाकडे गेलाच नाही. रिकामी पेटी ट्रेलरमध्ये ठेवली, कडी लावली आणि साडेआठला निघालो. कात्रज ओलांडल्यावर शैला गुणगुणायला लागली. मी आरशात मागे डुलत येणाऱ्या ट्रेलरकडे बघून खूश होत होतो.

अकराला पोचलो. देवळाच्या खाली, पाण्याकाठी सपाट गवताचा तुकडा होता. उतरलो, तर पायाशीच दोन धोंडे दिसले, पाचरींऐवजी तेच चाकांना लावले. मग हँडलसाठी पेटी उघडली. पेटीत हळदीचं एक बोट उमटलेलं होतं, बाकी काही नाही. मी पुन्हा पुन्हा आत बघितलं, जणू बघून हँडल उगवणार होतं. शैला जवळ आली. तिने पेटी बघितली, माझा चेहरा बघितला आणि पेटीचं झाकण हळूच लावलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पिशवी बदलून, हातपाय धुऊन मग देवीपुढे जायचं असं तिने ठरवलं होतं. आता छप्पर उठत नव्हतं, आत ताठ उभं राहता येत नव्हतं, हुक खांद्याच्याही खाली. देवळाच्या मंडपात धूळ, धूर आणि गर्दी. तास-दोन तास उशीर चालतो, असं सिस्टरांनी सांगितलं होतं, तेव्हा जिवाला लगेच धोका नव्हता. पण परत फिरलो असतो तर शैलाने पुन्हा उंबरा ओलांडला नसता. हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

गावात गेलो. ट्रॅक्टरवाल्याकडे पाना होता, ट्रॅक्टरच्या नाकावर हळदकुंकवात ठेवलेला. "आज उचलत न्हाई साहेब, उद्या सकाळी या." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी आजोबांनी मलाच विचारलं, "तुमच्यात पाळत न्हाईत का?" मी स्वतः पाळली म्हणून तर ही वेळ आली होती. परत येऊन देवळाच्या पायरीवर बसलो. वर गाभाऱ्यात ओट्या भरणाऱ्या बायकांची रांग होती. माझ्या कानात माझाच आवाज घुमत होता: उद्या या. देसाई कसे वळले होते, ते इतक्या वर्षांनी दिसलं. मला लाज वाटली, खरीखुरी लाज, आणि हात आपोआप जोडले गेले. मागायला तोंड नव्हतं. एवढंच म्हणालो, की माझं सगळं गणित संपलं, आता तू बघ. असं मी आयुष्यात कुणालाच म्हटलं नव्हतं, साहेबालाही नाही.

पायरीशी एक बाई ओटीचं सामान विकत बसल्या होत्या, खण, नारळ, तांदूळ. शैलाने त्यांच्याकडूनच ओटी घेतली होती आणि बोलता बोलता सगळं सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. सगळे त्यांना इंदूआक्का म्हणत. त्या उठल्या, टोपलीवर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "दादा, कितीचा पाना लागतोय?"

"एकोणीसचा. बॉक्स पाना."

"चला. हाय."

त्यांचं घर देवळामागेच होतं. यजमान मोटारी दुरुस्त करायचे, वारून सहा वर्षं झालेली. भिंतीशी पाट होता, त्यावर त्यांची हत्यारं ओळीने मांडलेली, एकेकावर झेंडूचं फूल. सहा वर्षं त्यांना फक्त पूजेचाच हात लागला होता, हे तेलाच्या घट्ट थरावरून माझ्यातल्या फिटरला कळलं. मी म्हणालो, "आक्का, पूजा मोडेल. राहू द्या." त्या गुडघ्यावर बसल्या. चिमूटभर अक्षता हत्यारांवर टाकल्या, पाट जरासा हलवला आणि घरातल्या माणसाला उठवावं तशा आवाजात म्हणाल्या, "उठा. कामावर जायचंय."

मग पाना पदराला पुसून माझ्या हातात दिला. "त्यांनी कुनाला कधी उद्या ये म्हनलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जेवता ताटावरनं उठायचे. बाईमानसाचं अडलंय आन् हत्यारं पाटावर बसून ऱ्हायली, तर देवीला आवडंल व्हय?"

मी मान वर करू शकलो नाही. आक्कांना देसाई कोण हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

पाना नटावर बसला, जसा काही त्याच्यासाठीच केला होता. पाणसळ नव्हती, म्हणून ताटलीत पाणी घेतलं आणि ते ज्या बाजूला कललं ती बाजू उचलत गेलो. चार पाय खाली आले, छप्पर वर गेलं. मी बेसिन पुसलं, खिडक्या लावल्या आणि बाहेर उभा राहिलो. एक वाजता शैलाने पिशवी टांगली. तासाभराने दार उघडलं तेव्हा तिने हिरवी नऊवारी नेसली होती. ओटी भरून आली आणि पाण्याकाठी खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसून राहिली. आम्ही चहा प्यायलो, भडंग खाल्लं, बगळे बघितले. ती एकदा म्हणाली, "देवी जरा बारीक झाल्यासारखी वाटली, नाही?" मी म्हणालो, "चार वर्षं वाट बघितलीन् तुझी." त्यावर हसली. किती दिवसांनी हसली!

रात्री मुक्काम तिथेच ट्रेलरमध्ये केला आणि दसऱ्याला सकाळी छप्पर, पाय उतरवून, आपट्याची पानं घेऊन पाना परत करायला गेलो. आक्कांनी सोनं घेतलं, मला दिलं आणि म्हणाल्या, "आता हत्यारं उठलीच हायती तर आमची पानी वडायची मोटार बगा. दोन वर्सं बंद हाय." त्यांच्या यजमानांच्या हत्यारांनी मी ती खोलली. नट गंजून बसले होते, सील गेलं होतं. जुन्या ट्यूबचं कापून घातलं. नळाला पाणी आलं तेव्हा आक्का पाण्याकडे न बघता हत्यारांकडे बघत होत्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "शिकलेले दिसताय." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक मला कारखान्यात मिळालं नाही.

याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू देत, माझं भांडण नाही. शैलाचा आजार गेलेला नाही, पिशव्या चालूच आहेत. पण त्यानंतर आम्ही त्या चाकांवरच्या खोलीतून वाईला गेलो, समुद्र बघून आलो, आणि देवीला तर जातोच. मी इतकंच शिकलो, की स्वतःचं सगळं सरळ आहे असं वाटणाऱ्यानेही कधी तरी हात जोडून रिकामी पेटी पुढे करावी. आणि रीत पाळताना दारात कोण उभं आहे तेही बघावं. देसाईंचा पत्ता शोधून मी त्यांना भेटून आलो. ते ती गोष्ट विसरले होते, निदान तसं म्हणाले. त्यांनी मला चहा पाजला.

या वर्षी देवीला पंचमीलाच जाऊन आलो. खंडेनवमीला घरी होतो. पाटावर हत्यारं मांडली, पूजा केली, श्रीखंडपुरी जेवलो आणि आडवा झालो. इतक्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी, तेच पाटीवाले. बाथरूमची कडी अडकून त्यांच्या मिसेस आत बसल्या होत्या. त्यांची नजर पाटावरच्या फुलांवर गेली आणि ते ओशाळले. "अरे हो, आज नवमी. राहू द्या, मी बघतो दुसरं कुणी. नाहीतर उद्या..."

"उद्या कशाला?" मी म्हणालो. पाटापुढे बसलो, अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला. "उठा," मी हत्यारांना सांगितलं, "कामावर जायचंय." सेक्रेटरी बघतच राहिले.

आतल्या खोलीत बाराची पिशवी संपवून शैला पडली होती. तिथून आवाज आला, "हं."