उपासाचा खजूर

खजुराची पेटी कोणी उघडली की ती केस अजूनही माझ्यासमोर येऊन बसते. मी तेव्हा अकोल्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. रमजान सुरू होता. एका मोहल्ल्यात रोजा सोडल्यावर बऱ्याच लोकांना उलट्या सुरू झाल्या, त्यात लेकरं जास्त. सरकारी दवाखान्यातून खबर आली की सगळ्यांनी एकाच किराणा दुकानातला परदेशी खजूर खाल्ला होता.

दुकानदाराला मोहल्ला चाचा म्हणायचा. त्याला आणायला माणूस पाठवणार, तोच तो स्वतः ठाण्यात आला आणि दुकानाची चावी टेबलावर ठेवली.

"साहेब, मले इथं बसवा. पण नमुने घेतल्याबगर दुकान कोणाले उघडू देऊ नका."

स्वतःहून ठाण्यात येणारा माणूस एक तर निर्दोष असतो, नाही तर अतिशहाणा. हा कोणता, ते मला कळेना. फाटकाबाहेर गर्दी वाढत होती, मोबाइलवर 'चाचाने विष विकलं' असं फिरत होतं. अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने नमुने सीलबंद केले, पण अहवालाला वेळ लागणार होता आणि गर्दीला तेवढा धीर नव्हता.

"साहेब, अटक दाखवून टाका न," हवालदार म्हणाला. "लोकं वापस जातीन."

गेले असते. पण अटकेच्या कागदावरच्या त्या सहीबरोबर चाचाचं दुकान आणि नाव दोन्ही कायमचं गेलं असतं. मला खुर्चीत बसवत नव्हतं. नुसत्या येरझारा घालत होतो.

दवाखान्यातले जबाब घेऊन हवालदार परतला आणि हळू आवाजात म्हणाला, "चाचाची नातबी तिथंच हाये. सलाईन लावून हाये."

मी चाचाला विचारलं, हे सांगितलं का नाही?

"सगळ्यायची लेकरं हायेत तिथं," तो खाली बघत म्हणाला. "माझ्याच पोरीचं काय सांगू?"

जाणूनबुजून विष विकणारा ते नातीच्या ताटात वाढत नाही. मी अटक टाळली, फाटकावर बंदोबस्त वाढवला आणि माल पुरवणाऱ्याला बोलावणं धाडलं.

तो अमरावतीचा मोठा व्यापारी. दुसऱ्या दिवशी गाडीतून आला, सगळी कागदपत्रं घेऊन. आयातीचा परवाना, तपासणीचा दाखला, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. पाकिटावर तर छापलेलंच होतं, 'मूळ देशातल्या बागायतदारांना रास्त दाम देऊन घेतलेला शुद्ध माल.' माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो उत्तर देत होता. इतका तयार माणूस दिसला की माझं डोकं भणभणायला लागतं.

त्या दिवशी चतुर्थी होती. त्याला उपास, हवालदारालाही उपास. मी फराळ मागवला. केळी, शेंगदाण्याचे लाडू, आणि शेजारी त्याच्याच पाकिटातला खजूर. हात खजुराकडे गेला तर तिथंच अडवायचा, अशी ताकीद हवालदाराला दिली होती.

अडवायची वेळच आली नाही. त्याने केळं खाल्लं, एक लाडू खाल्ला, पण हात दर वेळी खजुराच्या बशीला वळसा घालून जात होता.

"भाऊ, खजूर घ्या न," हवालदार म्हणाला. "तुमचाच माल हाये, उपासाले चालते."

"नको, फार गोड होतं मले."

दुसरा लाडू त्याच्या हातातच होता.

हा पुरावा नव्हता, पण दिशा मिळाली. मी कागद बाजूला सारले आणि एकच प्रश्न धरून बसलो: घरी कोणता खजूर खाता? इतका वेळ धडाधड बोलणारा माणूस बाजूला सारलेले कागदच पुन्हा पुढे ओढायला लागला. सायंकाळपर्यंत सगळं ओकला. शीतगृहात पडून किडलेला जुना माल, त्यावर कीडनाशकाची फवारणी, मग धुवून, तेल चोळून नव्या पाकिटात. दाखवलेले कागद खरे होते, पण ते वेगळ्या मालाचे. पंचांसमक्ष शीतगृहाचा पंचनामा केला, माल जप्त केला आणि त्याला अटक केली.

चाचाला बोलावून मी चावी परत दिली. नातही बरी होती. म्हटलं, तुमचा यात दोष नाही.

त्याने मान हलवली. "साहेब, तो अर्ध्या भावात देऊन रायला होता. काहून, ते मी एकदाबी इचारलं नाई. इचारलं असतं तं माल सोडा लागला असता."

चावी खिशात टाकून तो दुकानाकडे न जाता आजारी लेकरांच्या घरांकडे निघाला, हेच सांगायला. "मारतीन त्याले," हवालदार म्हणाला. आम्ही लांबून मागे राहिलो. पहिल्या दारातल्या बाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. तिचा मुलगा अजून दवाखान्यात होता. मग तिने विचारलं, "तुमची पोरगी कशी हाये?" चाचा तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला.

आता निवृत्त होऊन अमरावतीत असतो. बाजारात काही स्वस्त दिसलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. कुठला माल, इतका स्वस्त कसा, विचारत सुटतो. बायको वैतागते, "भाजी घेऊन रायले का जबाब?" खोटं बोलणाऱ्याला पकडायला खातं आहे, कलमं आहेत. न विचारणाऱ्याला कोणी पकडत नाही. त्याला आपल्याच पायांनी चाचासारखं दारोदार जावं लागतं, आणि तसं जाणारा माझ्या सगळ्या नोकरीत मला तो एकच भेटला.