सलीमभाईंचे तेलखाऊ पाहुणे

माती साफ करायच्या कामात पडलं, की हाताला माती कमी लागते आणि किस्से जास्त. आमच्या टीमकडे इतके साचलेत, की चहा गार होतो पण विषय संपत नाही. त्यातले ढाणकीच्या सलीमभाईंचे तर वेगळे काढून ठेवावेत!

सलीमभाई मेकॅनिक. गाड्यांचं जळकं ऑइल वर्षानुवर्षं गॅरेजमागच्या जागेत ओतलेलं. घराचं मागचं दार तिकडेच उघडायचं. वासापायी शमीमभाभींनी त्याला कायमची कडी घातली. लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं त्यांचा भाजीचा वाफा होता. आम्हाला बोलावलं तेही त्यांनीच. "मले माहा वाफा वापस पाह्यजे," एवढंच म्हणाल्या.

*

आम्ही माती उकरली, शेण आणि सोयाबीनचं कुटार म्हणजे भुसा मिसळला, वरून ड्रममधलं जिवाणूंचं द्रावण शिंपडलं. "हे जिवाणू तेल खातात," मी समजावलं.

सलीमभाईंनी ड्रममध्ये डोकावून पाहिलं. "म्हंजे शाकाहारी हायेत!"

*

जिवाणूंना हवा लागते, म्हणून ढीग अधूनमधून खालीवर करायचा असतो. हे ऐकल्यावर सलीमभाईंनी टायरमध्ये हवा भरायची नळी ओढत आणली आणि ढिगात खुपसली. "प्रेशर किती ठेवू?"

मी उत्तर देईपर्यंत शेण माझ्या चष्म्यावर होतं.

*

महिने गेले, तपासणीत तेल काही कमी होईना. आमचे साहेब म्हणाले, "काम बंद करा." भाभी त्या कडीकडे बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी न सांगता गेलो, तर सलीमभाई कॅनमधून ऑइल ढिगावर ओतत होते!

"भाई, हे काय करून राह्यले?"

"काय म्हंजे? आपल्या घरी आलेल्यायले उपाशी ठेवाचं काय?"

हे भाभींनी खिडकीतून ऐकलं. त्या दिवशी सलीमभाई उपाशी राहिले.

*

ओतणं बंद झालं, काम चालू राहिलं आणि पुढे रिपोर्ट सुधारला. साहेब स्वतः पाहायला आले. "आता कुठे आहेत ते जिवाणू?"

"जेवून गेले," सलीमभाई म्हणाले.

*

शेवटी परीक्षा म्हणून मेथी पेरली. खायची नाही, फक्त उगवते का ते बघायचं. उगवली! सलीमभाई ग्रीसने माखलेल्या बुटांनिशी तिकडे धावले.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. भाभी अनवाणी बाहेर आल्या, खाली बसल्या, मूठभर माती उचलून तिचा वास घेतला. मग मान वर न करता नवऱ्याला म्हणाल्या, "जुते तिकडंच काढा."