तात्यांची चाकांवरची हवेली

तात्यांचं सगळं आयुष्य वर जाण्यात आणि खाली येण्यात गेलं. लिफ्ट दुरुस्तीचं काम त्यांचं. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्टा त्यांच्या हातचं तेलपाणी पिऊन धावत होत्या. "मी पुष्कळ हिंडलो," ते म्हणायचे, "पण आडवा कधी गेलो नाही. गेलो तो उभाच!"

असा माणूस निवृत्त झाला आणि काकूंच्या म्हणजे त्यांच्या बायकोच्या राज्यात, गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसला. बसला म्हणायचं आपलं. बूड टेकतंय न टेकतंय तोच उठायचे. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घाल, पंख्याची पाती पूस, शेजाऱ्याची घंटा वाजते का ते विनाकारण वाजवून बघ. काकू शाळेत शिवण शिकवायच्या. सुई-दोऱ्याच्या कामाने त्यांना एका जागी तासन् तास बसायची सवय. त्या कापडावरची नजर न काढता विचारायच्या, "अहो, खुर्चीला मुंग्या लागल्यात का?"

मग एक दिवस ते सराफांच्या बंगल्यात जुनी लिफ्ट सहज बघायला म्हणून गेले आणि मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एक मोठी गाडी, चाकांवरचं अख्खं घरच, बघून आले. सराफांनी मोठ्या हौसेने बांधून घेतलेली; पण सराफीणबाईंना पहिल्याच वळणावर पोटात ढवळलं, आणि तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. तात्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि घरी येऊन जाहीर केलं, "आपण घर विकतोय."

"आणि राहायचं कुठे?"

"घरातच. फक्त ते जागेवर नसेल."

काकूंना वाटलं, चार दिवसांत भूत उतरेल. उतरलं नाही. पाचव्या मजल्यावरचं घर विकलं गेलं. घेणारा नाक मुरडत होता, पण इथली लिफ्ट कधी बंद पडत नाही म्हटल्यावर गप्प झाला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की तिला बंद पडू न देणारा माणूसच घर सोडून चालला होता!

लेकीने फोनवर कपाळाला हात लावला असणार. म्हणाली, "बाबा, या वयात लोक भिंती धरतात."

"आमच्याकडे भिंतीसुद्धा सरकतात," तात्या म्हणाले. आणि ते खरंच होतं. बटण दाबलं की गाडीची एक अख्खी भिंत बाहेर सरकायची आणि बैठकीची खोली ऐसपैस व्हायची. चामड्याचे सोफे, मागे पलंगाची खोली, छताला काचेचं झुंबर. रस्त्यात खड्डा आला की झुंबर किणकिणायचं, म्हणून तात्या त्याला खड्ड्यांची घंटा म्हणत. सराफांनी उंची पेल्यांसाठी गोल गोल खाचांचं कपाट करून घेतलं होतं. काकूंनी त्या खाचांत रंगवार दोऱ्याची रिळं लावून टाकली. खिडकीत पुदिन्याची कुंडी ठेवली. गाडीचं नाव पडलं हवेली.

आता लोकांना वाटतं, अशी ऐषारामी गाडी म्हणजे नुसता आराम. आराम असतो गाडीला. मालकाने कंबर कसायची! चांगल्या पाण्याची टाकी भरा, सांडपाण्याची रिकामी करा, छतावर चढून सांधे चिकटवा, बॅटऱ्या तपासा, आणि त्या राजेशाही संडासाचा डबा राजाने स्वतःच्या हातांनी रिकामा करा. तात्यांना तर स्वर्गच सापडला. त्यातही त्यांचं लाडकं काम म्हणजे गाडी सपाट उभी करणं. हवेलीच्या पोटाखाली चार लोखंडी पाय होते. मुक्कामाला थांबलं की ते खाली सोडायचे आणि आत जमिनीवर गवंड्याची पाणसळ ठेवायची. बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत तात्या पालथे पडून एकेक पाय केसभर वर-खाली करत. आयुष्यभर लिफ्टची फरशी मजल्याच्या फरशीला भिडवलेला माणूस. केसभर फरक त्यांच्या दातांत कण अडकल्यासारखा सलायचा. मजा अशी, की इतक्या कष्टाने सपाट केलेल्या हवेलीत एक झोप झाली की दुसऱ्या सकाळी पाय वर आणि स्वारी पुढे.

निघताना दोघांचा एक रिवाज होता. तात्या स्टीअरिंगवर, काकू मागे. तात्या पुढूनच हाका मारत.

"पाणी?"

"बंद."

"गॅस?"

"बंद."

"पायरी?"

"आत."

"आपण?"

"आतच आहोत, कुठे जाणार?" काकू म्हणत, आणि मग गाडी हलायची.

पण रोज नवा मुलुख, रोज नवी खिडकी. काकू म्हणायच्या, "या पुदिन्याला बिचाऱ्याला ऊन कुठून येणार तेच कळत नाही. एकदा इकडे वाकतो, एकदा तिकडे." तात्यांना वाटायचं, बोलतेय ती पुदिन्याबद्दल.

मग ते तळं आलं. काठावर गाड्या लावायची जागा, मोठी झाडं, आणि शेजारच्या लहानशा गाडीत एकटीच राहणारी एक निवृत्त टायपिस्टबाई. काकू आणि तिची अशी गट्टी जमली, की दुपारभर दोघी खुर्च्या टाकून बाहेर. टायपिस्टबाईला गोधडी शिकायची होती. काकूंनी कापडं बेतली, तुकडे मांडले, आणि रात्री म्हणाल्या, "अहो, आठ दिवस राहू इथे. गोधडी होईल तिची."

"बघू," तात्या म्हणाले.

सकाळी काकू उठल्या त्या पायांच्या घरघरीने. चारही पाय वर जात होते.

त्या दिवशी काकूंनी आवाज चढवला नाही, तिथेच तात्यांना कळायला हवं होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "ठीक आहे. ज्या गावात बसस्टँड दिसेल तिथे मला उतरवा. मी लेकीकडे जाते. तुम्ही फिरा, जग संपेपर्यंत."

आणि तोंडाला कुलूप. नंतर तात्यांनी नेहमीच्या हाका दिल्या, तर मागून शब्द नाही. पलंगाच्या खोलीतल्या कपाटावर बोटाने दोनदा टकटक. म्हणजे सगळं बंद, चला.

तात्या कात्रीत सापडले. आता थांबावं तर बोलावं लागेल, आणि बोलावं तर काकू बसस्टँडचं विचारतील. म्हणून त्यांनी मोठी गावं टाळायला सुरुवात केली. वळसे घालून, शेताशेतांतून, अरुंद रस्त्यांनी हवेली पळत सुटली. झुंबर अखंड किणकिणत होतं. मागे काकूंच्या कपाटाचं दार निखळल्यासारखं आपटत होतं. त्याची कडी कधीचीच गेली होती. काकूंचं सांगूनही झालं होतं. जगाच्या लिफ्टांची दारं नीट मिटवणाऱ्या माणसाला ही एक कडी बसवायला सवड नव्हती.

पण डिझेलला कोण वळसा घालणार? काटा खाली टेकला आणि एका गावात शिरावंच लागलं. पंप होता बसस्टँडला अगदी खेटून. तात्यांनी मान वळवून बसस्टँडकडे बघितलंसुद्धा नाही, जणू त्यांनी बघितलं नाही तर काकूंनाही दिसणार नाही. डिझेल भरलं. मागच्या बाजूला जाऊन पाण्याची टाकी भरली. घाईघाईने सीटवर चढले, इंजिन सुरू केलं आणि हाका दिल्या, "पाणी? गॅस? पायरी? आपण?"

मागून आवाज आला: टकटक.

तात्यांनी एका दमात गाव मागे टाकलं.

गाव दिसेनासं झालं, तशी त्यांची जीभ मोकळी झाली. काकू उतरल्या नाहीत, या आनंदाने म्हणा किंवा भीतीने म्हणा, ते समोर रस्त्याकडे बघत बोलू लागले.

"अगं, ऐकतेस ना? बोलू नकोस, नुसतं ऐक. चुकलं माझं. पण मला बसवत नाही गं. लिफ्ट बंद पडली की आम्ही तिच्या दाराला पाटी अडकवायचो, 'लिफ्ट बंद आहे.' लोक यायचे, पाटी वाचायचे आणि जिन्याने निघून जायचे. परत तिच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. त्या गॅलरीत बसलो की वाटायचं, आत्ता कोणीतरी येईल आणि माझ्या गळ्यात ती पाटी अडकवेल. म्हणून पळतो. हसू नकोस."

टकटक, मागून आलं.

"हसतेस ना? हस. पण लेकीकडे जाऊ नकोस. तू म्हणशील तिथे थांबतो. आठ दिवस म्हण, पंधरा म्हण."

टकटक.

तात्यांचे डोळे भरून आले. काय समजूतदार बाई!

तेवढ्यात पुढे रेल्वेचा पूल आला, रस्त्यावरून जाणारा आणि बुटका. अशा ठिकाणी काकू उतरायच्या, पुढे उभ्या राहून छत बसतंय का ते हाताने सांगायच्या. तात्यांनी गाडी थांबवली. "अगं, जरा उतरतेस का?"

टकटक.

"अगं, उतर. पूल आहे."

टकटक.

तात्या उठून मागे गेले. पलंग नीट घातलेला. खिडकीत पुदिना. आणि इंजिनच्या थरथरीने कपाटाचं ते बिनकडीचं दार चौकटीवर आपटत होतं. टकटक. टकटक.

त्यांनी काकूंना फोन लावला. फोन उशीखाली वाजला.

मागे एव्हाना एक ट्रक येऊन उभा होता आणि भोंगा वाजवत होता. शेवटी ट्रकवाला उतरून खिडकीशी आला.

"काका, पुढे जाणार का इथेच घर बांधणार?"

"मागे जायचंय. बायको राहिली."

"कुठे?"

"पंपावर."

ट्रकवाल्याने हवेलीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढी मोठी गाडी, आणि त्यात बायकोला जागा नाही झाली?" पण माणूस भला. स्वतःचा ट्रक मागे घेतला, रस्त्यात उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत हवेली वळवून दिली आणि म्हणाला, "पळा. रागावलेली बाई बसची फार वाट बघत नाही."

तात्यांचा जीव टांगणीला लागला. येताना कापलेला रस्ता जाताना ताणल्यासारखा लांब झाला होता. पंपावरच्या माणसाला खिडकीतूनच विचारलं.

"त्या बाई? मघाशी इथे उभ्या होत्या, इकडे तिकडे बघत. मग स्टँडकडे गेल्या."

तात्या धावले. स्टँडमधून एक बस धूर सोडत बाहेर पडत होती. तिच्या पाटीवर लेकीच्या गावाचं नाव. तात्या बसच्या मागे हात वर करून पळाले, थोडंसंच. बस वळली आणि गेली. ते वळले, तर कोपऱ्यातल्या बाकावर काकू. पायांत घरातल्या सपाता, मांडीवर कागदाची पुडी.

"ती बस नव्हती पकडायची," काकू म्हणाल्या. "तीत मी नव्हते."

तात्या धापा टाकत शेजारी बसले. म्हणाले, "मला टकटक ऐकू आली."

"मी कडी आणायला गेले होते. स्टँडसमोर दुकान दिसलं. तुमच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही." त्यांनी पुडी पुढे केली. आत चकचकीत कडी आणि स्क्रू. "परत आले तर गाडी नाही. वाटलं, मीच म्हटलं होतं ना बसस्टँडवर उतरवा. ऐकलंत माझं, एकदाचं."

"अगं, काय बोलतेस!"

"वाटलं खरं. बस समोर होती. हातातले पैसे कडीत संपलेले, तरी कंडक्टर म्हणाला, चला आजी, पैसे तिकडे उतरल्यावर लेकीकडून घेऊ."

"मग?"

"मग आठवलं, माझा चष्मा आत, औषधं आत, पुदिना आत. एवढे वाईट तुम्ही नाही. म्हणजे विसरलात. मग म्हटलं, बसू. बसायची सवय आहे मला."

तात्यांनी वाटेत जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगायला तोंड उघडलं. पण कपाटाला सांगणं सोपं होतं. इकडे तिकडे करत पाटीपाशी आले.

"कसली पाटी?" काकूंनी विचारलं.

"लिफ्ट बंद आहे."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. ओठ आवळून धरले, पण हसू सुटलंच. "आणा ती पाटी. भोवतीने दोऱ्याची वेल काढून देते. आणि आता मागे वळा. तळ्यावर."

"मागे?" तात्या दचकले. गेलेल्या ठिकाणी ते परत कधी गेले नव्हते.

"लिफ्ट काय फक्त वरच जाते का?"

लिफ्टवाला माणूस उठला आणि त्याने हवेली तळ्याकडे वळवली.

टायपिस्टबाईने लांबूनच ओळखलं, की भांडण झालंय आणि मिटलंय, आणि काही न विचारता तुकड्यांची पिशवी घेऊन आली. तात्यांनी पाय सोडले, पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आणला. कडी बसवली. त्यानंतर मात्र त्यांचे हाल सुरू झाले. तळ्याला फेऱ्या मारून झाल्या. टायपिस्टबाईच्या गाडीचं दार, नळ, पंखा, सगळं खोलून झालं. ती नको नको म्हणत होती तरी. आजूबाजूच्या जेवढ्या गाड्या तिरक्या उभ्या होत्या, त्या सगळ्यांच्या खाली तात्या पालथे पडून आले. पुदिना मात्र एकदाचा सरळ व्हायला लागला होता.

गोधडी अर्ध्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी काकू बाहेर खुर्चीत टाके घालत बसल्या होत्या. तात्यांना राहवेना. ते हळूच जाऊन स्टीअरिंगवर बसले. इंजिन नाही सुरू केलं, नुसतं चाकावर हात ठेवला. आणि सवयीने तोंडातून निघूनच गेलं, "पाणी?"

काकूंनी दोरा दाताने तोडला आणि बाहेरूनच उत्तर दिलं, "चालू आहे."

"गॅस?"

"तोही चालू. चहा ठेवलाय."

"पायरी?"

"बाहेर," काकू म्हणाल्या. "तिच्यावर येऊन बसा."