आधी बसून घ्या

बातमीदार एखाद्या गल्लीत शिरला की गल्ली आपापली माणसं मोजायला लागते. आजोबा खुर्चीत आहेत ना, धाकटी शाळेतून आली ना, नवऱ्याने मघाशी फोन उचलला होता ना. सगळे जागच्या जागी सापडले की मग लोक त्याच्याकडे बघून ओळखीचं हसतात. तो बिचारा बहुतेक वेळा ब्रेड आणायला निघालेला असतो.

बातमीदार हे अर्थात टोपणनाव. वर्तमानपत्राशी त्याचा संबंध इतकाच, की कुणाच्या बंद दाराबाहेर न उचललेले अंक साचले की त्यांतला सगळ्यांत जुना कधीचा आहे ते तो बघतो. तो मृत्यूच्या चौकशी कार्यालयात मदतनीस आहे. कोणी अचानक गेलं, एकटं असताना गेलं, कशाने गेलं ते कुणालाच सांगता येईना, की कार्यालयातल्या डॉक्टरीणबाई त्याचा छडा लावतात आणि त्यांच्यामागून पिशवी घेऊन बातमीदार जातो. खोलीतल्या वस्तू हलवण्याआधी त्यांचे फोटो काढायचे, औषधाच्या पाकिटांतल्या गोळ्या संपल्यात की तशाच पडून आहेत ते बघायचं, चष्मा, अंगठी, कवळी पिशवीत घालून पिशवी मोहोरबंद करायची, मांजर असेल तर गोड बोलून शेजाऱ्यांच्या गळ्यात मारायचं. माणूस कशाने मेला हे शोधायचं काम बाईंचं. तो कसा जगत होता हे बातमीदाराला उष्टी कपबशी आणि उशाखालचा रेडिओ बघूनच कळतं, आणि ते त्याला आवडतं. हे काम उदास असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्याच्याबरोबर डबा खायला बसावं. पोट दुखेपर्यंत हसवतो.

पण खरं अवघड काम पुढेच असतं. घरच्यांना सांगायचं असतं. ते बाईंना जमत नाही, पोलिसांना तर मुळीच जमत नाही, म्हणून ते कायमचं याच्याकडे आलं. त्याची त्यासाठी पक्की रीत आहे. आधी विचारायचं, घरात एकटे आहात का? जवळचं माणूस कुणी आहे का, बोलावता येईल असं? मग म्हणायचं, आधी बसून घ्या. मग एका सरळ वाक्यात सांगून टाकायचं. ‘जरा बरं नाहीये’ वगैरे आडवळणं घ्यायची नाहीत. समोरच्याने गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की मध्ये तोंड घालायचं नाही, गप्प राहायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपण होऊन आधी उठायचं नाही. रीत फार चांगली आहे. वर्षं उलटल्यावरही लोक त्याला रस्त्यात थांबवतात आणि त्याचा हात हातात घेतात.

घोटाळा असा, की कार्यालयातून निघताना कोट खुंटीला टांगता येतो, आवाज टांगता येत नाही. काही महत्त्वाचं सांगायचं म्हटलं की बातमीदाराचा आवाज आपोआप खाली उतरतो आणि ती रीत सुरू होते. एकदा त्याने थोरल्या बहिणीला फोन केला. “ताई, एकटी आहेस का? भावोजी आहेत ना जवळ? आधी बसून घे बरं.” ताईला भोवळच आली. भावोजींनी तिच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. बातमी होती की भाची गाडी चालवायच्या परीक्षेत पास झाली. त्या दिवसापासून ताईने कानाला खडा लावला. “आनंदाचं काही असलं तर तू तोंड उघडायचंच नाहीस,” तिने बजावलं. “मेसेज पाठव. आणि सुरुवातीलाच फुग्याचं चित्र टाक, म्हणजे आम्ही वाचायला धजू.”

आता कुलूपवालीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडली होती.

बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं चाव्या-कुलपांचं दुकान आहे, वडिलांनी वय झाल्यावर तिच्यावर सोपवलेलं. कुणी बंद दाराआड वारलं की पोलीस तिला बोलावतात, म्हणजे दार फोडावं लागत नाही. त्यामुळे बातमीदाराच्या आणि तिच्या जेवढ्या भेटी झाल्या त्या सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या बंद दारासमोर. ती गुडघे टेकून बसते, हत्यारांची गुंडाळी उलगडते आणि कुलपाला हात लावण्याआधी नेहमी दारावर टकटक करून म्हणते, “येतोय हं आम्ही.” आत कोणी ऐकणारं नाही हे तिला ठाऊक असतं. तरी म्हणते. बातमीदाराला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच गलबलून आलं होतं, पण प्रेमात तो पडला ते नंतर, आणि त्याला एक म्हातारी कारण झाली.

आठवडाभर कुणाला न दिसलेल्या एका आजींचं दार होतं ते. कुलूपवालीने टकटक केली, “येतोय हं आम्ही” म्हणाली, तर आतून उत्तर आलं, “या की, पण मी डोक्याला साबण लावलाय!” पोलिसाने टोपी सावरली. बातमीदाराच्या हातातली पिशवी खाली पडली. आजींनी टॉवेल गुंडाळून दार उघडलं, आठवडाभर पाय मुरगळून घरात पडून होते म्हणाल्या, आणि एवढी माणसं आयती आलीच आहेत तर चहा करा, म्हणून सगळ्यांना कामाला लावलं. कुलूपवाली ओट्याला टेकून हसत सुटली, ती हसतच राहिली. डोळे पुसायची आणि परत हसायची. चहा गाळता गाळता बातमीदाराने ते पाहिलं आणि गाळणं कपाच्या बाहेर धरलं.

त्या गोष्टीला आता बरेच महिने लोटले होते. दोघांचंही वय पन्नाशीकडे झुकलेलं, दोघंही एकटी, आणि बातमीदार गप्प. कुलूपवाली त्याला “काय बातमीदार, आज मागे कोणी रडणारं आहे की आपणच?” असं विचारायची, तो मान हलवायचा, दार उघडायचं आणि ती निघून जायची. तशीच आणखी वर्षं गेली असती. पण एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की यापुढे दारं उघडायला अग्निशमन दलाची माणसं येणार, त्यांना नवीन यंत्र मिळालंय. बाईंना वाटलं चांगली बातमी आहे. बातमीदाराने वेगळाच हिशेब केला. आता दार नाही म्हणजे भेट नाही. दुकानात जाऊन रोज रोज चाव्या तरी किती करून घेणार? त्याच्या घराला एकच कुलूप होतं, आणि त्याच्या चाव्या आताच खंडीभर झाल्या होत्या.

“मग विचार तिला,” ताई म्हणाली. “पण हे बघ, हसत जा. आधी हवापाण्याचं बोल. आणि तो आवाज काढलास तर याद राख.”

त्याने कार्यालयातल्या हात धुवायच्या जागेवरच्या आरशासमोर हसायचा सराव केला. डॉक्टरीणबाई दारातून डोकावल्या आणि काळजीने म्हणाल्या, “दाढ दुखतेय का?”

दुपारी तो दुकानात पोचला. कुलूपवाली कानशीने एका चावीचे दात घासत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि हसली. इथवर सगळं नीट होतं. बातमीदाराने हवेबद्दल बोलायला तोंड उघडलं. पण इतकं महत्त्वाचं, इतकं जिवावरचं सांगायचं होतं, की आवाज सरसर खाली उतरला.

“तुम्ही एकट्याच आहात का?” तो म्हणाला.

“हो. का हो?”

“जवळचं माणूस कुणी आहे का? बोलावता येईल असं?”

कानस थांबली.

“आधी बसून घ्या,” बातमीदार म्हणाला.

कुलूपवालीचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबा?” ती म्हणाली.

इथे नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण समोरच्याने आपल्या माणसाचं नाव घेतलं की मध्ये बोलायचं नाही, हे बातमीदाराच्या हाडीमाशी भिनलेलं. तो गप्प राहिला. आणि अशा वेळी त्याचा गप्प चेहरा काय सांगतो, हे त्या बाईने कितीतरी उंबरठ्यांवर पाहिलेलं होतं.

ती कानस फेकून, दुकान उघडं टाकून धावत सुटली.

“अहो, नाही! बाबा ठीक आहेत!” बातमीदार मागून ओरडत धावला. पण त्याला धावायची सवय नाही. धाप लागली, आणि तिच्यापर्यंत नुसतं “बाबा! बाबा!” एवढंच पोचत राहिलं. वाटेतल्या लोकांची तर पाचावर धारण बसली. बातमीदाराला चालताना बघूनच ज्यांच्या छातीत धस्स होतं त्यांना तो धावताना दिसला. खिडक्या उघडल्या, बायका हातातलं टाकून दारात आल्या, न्हाव्याने अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच खुर्चीत सोडलं.

कुलूपवालीचे बाबा घराच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून सुखाने बसले होते. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे खालचा गोंधळ त्यांच्या गावीही नव्हता. मुलगी आत घुसली, तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गाल दाबून पाहिले, आणि तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागली.

“अगं, पाणी सांडलं सगळं!” बाबा म्हणाले. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दारात बातमीदार उभा होता, घामाने निथळत. बाबांनी त्याला ओळखलं. त्याला कोण ओळखत नाही? “कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही,” बातमीदाराने हातानेही खूण केली.

“मग तुम्ही कशाला आलात?”

आता आडवळण घ्यायला जागाच नव्हती. बातमीदार एका सरळ वाक्यात म्हणाला, “तुमच्या मुलीने मला होकार द्यावा, आम्ही लग्न करावं, असं मला फार वाटतं, ते विचारायला आलो होतो.” आवाज जो खाली उतरलेला होता तो तसाच होता.

बाबांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पण चेहरा दिसला. त्यांनी मान हलवली आणि हळहळून म्हटलं, “अरेरे. कधी झालं हे?”

कुलूपवालीला मात्र सगळं ऐकू आलं होतं. तिचं रडणं थांबलं आणि ती उसळली. “असं विचारतात? जवळचं माणूस बोलवा म्हणे, बसून घ्या म्हणे! जीव गेला असता माझा! तुम्हाला काही काळवेळ, काही रीतभात?” रीतभातीबद्दल बोलणं बातमीदाराला फार लागलं. तोंडात मारल्यासारखा तो उभा राहिला. इतक्या वर्षांत कुणाच्याही घरातून तो आधी निघाला नव्हता. आज पहिल्यांदा त्याने पाठ वळवली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “येतो मी. म्हणजे जातो.”

“थांबा,” कुलूपवाली म्हणाली.

तिने पदराने नाक पुसलं. रागाचा भर ओसरला होता.

“दुकानातून निघाल्यापासून इथे येईपर्यंत माझे बाबा गेलेले होते,” ती म्हणाली. “धावता धावता मी विचार करत होते, आता बोलावू कुणाला? मावसभाऊ लांब. शेजारीण स्वतःच रडत बसेल. एवढ्या गावाच्या चाव्या माझ्याकडे आणि बोलवायला माणूस नाही. एकच माणूस डोळ्यांसमोर येत होतं, की ते आलं म्हणजे मला निभेल. आणि तेच माझ्यामागून ‘बाबा, बाबा’ करत बोंबलत येत होतं.”

बातमीदाराला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो खाली बसला, सांडलेल्या पाण्यातच.

“काय म्हणते ती?” बाबांनी त्याला विचारलं. “अहो, सांगा की! तुमचं कामच आहे ते!”

बातमीदाराने सांगायला तोंड उघडलं. खालचा नाही, वरचा नाही, कुठलाच आवाज फुटेना. डोळे भरून वाहायला लागले आणि ते पुसायचं भानही त्याला राहिलं नाही. शेवटी कुलूपवालीच उठली, बाबांच्या कानाशी वाकली आणि हसत हसत ओरडली, “हो म्हणतेय मी, बाबा! हो!”

खाली जमलेल्या सगळ्या गल्लीला ते ऐकू गेलं.