एकाच पिंपातल्या दोन बाटल्या

आनंदीबाई संखे यांच्या हाताखाली मी नऊ वर्षं काम केलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंग बनवणारा एक कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत त्या मुख्य केमिस्ट. जवळच्या पाम गावाहून रिक्षाने यायच्या, आणि आल्या आल्या आमच्यासाठी सापळा लावायच्या. एकाच पिंपातला माल दोन बाटल्यांत भरायचा, दोन वेगळे नंबर टाकायचे आणि गुपचूप तपासायला द्यायचा. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत की आमची खैर नसायची.

"माझा तुज्यावर विश्वास नाय असं नाय गं भाविका," त्या म्हणायच्या. "माझा कुणावरच नाय."

नोकरीत असल्यापासून त्या थोडेथोडे शेअर घेत. निवृत्त झाल्यावर तर वर्तमानपत्राचं बाजाराचं पान त्या पेन्सिल घेऊनच वाचू लागल्या. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा पुतण्या शैलेश लॅपटॉप उघडून बसला होता. तो बोईसरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. त्याने एआयला बाजाराची माहिती जोडून घेतली होती. आपण साध्या मराठीत विचारायचं, की तो एआय एजंट स्वतः जाऊन भाव, नफा, डिव्हिडंड शोधून आणतो आणि मराठीतच उत्तर देतो.

"विचार ना काकी, काय पण विचार," शैलेश म्हणाला.

आनंदीबाईंनी जे स्वतःला आधीच ठाऊक होतं तेच विचारलं. एका कंपनीचा शेअर त्यांनी बारा वर्षांपूर्वी घेतला होता. त्या दिवशी त्याचा भाव काय होता? एजंटने सांगितलेला भाव त्यांनी मोजलेल्या पैशांच्या जेमतेम दहावा हिस्सा निघाला.

"खोटं बोलतोय हा. बंद कर!"

शैलेश हसायला लागला. मधल्या काळात कंपनीने एका शेअरचे दहा केले होते, म्हणून जुने भावही दहाने भागून दाखवतात, हे त्याने समजावलं. आनंदीबाईंनी कागद काढून पाहिले. त्यांच्या एका शेअरचे दहा झालेच होते. मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण इतक्या वर्षांत त्यांना चुकताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर शैलेशला जोर चढला. महिन्याभराने त्याने ठरवलं, की काकीचे आणि आपले बाकीचे शेअर विकून सगळे पैसे एकाच औषध कंपनीत घालायचे. एजंटने सांगितलं होतं, की ही कंपनी सलग आठ वर्षं डिव्हिडंड देते आहे. आनंदीबाईंनी मला फोन केला. "येशील का? मी एकटी बोलले तर म्हातारीला कळत नाय म्हणेल."

मी गेले. शैलेश सही करायचे कागद घेऊन आला होता.

"ही कंपनी माज्याकडं पण हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "मधी एका साली मला काय आलं नव्हतं."

"काकी, मागच्या वेळी पण तू असंच म्हणालीस."

"म्हणाले. आता मी विचारते, तू फक्त टाईप कर."

पहिला प्रश्न सरळ होता: या कंपनीने आठही वर्षं डिव्हिडंड दिला का? उत्तर आलं, होय, सलग. मग त्यांनी नवं पान उघडायला लावलं, आधीचं काहीच दिसणार नाही असं, आणि उलटं विचारलं: कुठल्या साली दिला नाही? आता उत्तर आलं, की सात वर्षांच्या नोंदी आहेत, २०२१ ची मिळाली नाही.

शैलेशने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचली.

"आता त्यानं बाजारातनं काय आणलं ते दाखव. त्याचं बोलणं नको, आणलेलं दाखव."

शैलेशने खालचा तक्ता उघडला. २०२१ ची ओळच नव्हती. मोकळी जागा एजंटने पहिल्या वेळी 'सलग' या शब्दाने भरून काढली होती. मग शैलेशने कंपनीच्या साइटवरून त्या सालचा अहवाल काढला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, की यंदा डिव्हिडंड नाही.

"मुद्दाम फसवलं नाय त्यानं," शैलेश पुटपुटला.

"मुद्दाम फसवणारा बरा रे, त्याचा हेतू तरी कळतो."

कागदांवर सह्या झाल्या नाहीत. पण दोन महिन्यांत त्याच औषध कंपनीचा भाव चांगला चढला, आणि शैलेशने काकीशी बोलणं टाकलं. मी भीत भीत विषय काढला, तर आनंदीबाई म्हणाल्या, "चढू दे की. म्हणून आठ साल दिला होता असं होतं का?"

होळीला तो आपणहून आला. मोबाईलवर दुसऱ्याच एका कंपनीचं उत्तर होतं, आणि त्याखालचा तक्ता त्याने न सांगता उघडून ठेवला होता. आनंदीबाईंनी चष्मा लावला आणि त्याला शेजारी बसायला जागा केली. "वाच," त्या म्हणाल्या, "हळू वाच."